पेंड सोडली, कडबा मात्र खाते : व्यायलेल्या गाईची कितनबाधा

नीरेकाठची

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमचा ११ गाईंचा गोठा आहे, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. धारा, वैरण मी आणि सासूबाई बघतो, मिस्टर शेती आणि डेअरीची फेरी सांभाळतात. मध्यंतरी एका गाईनं आम्हाला जेरीस आणलं. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण ‘व्यायल्यावर गाय थोडी उतरतेच’ असं म्हणत हा आजार कितीतरी गोठ्यांत अंगावर काढला जातो. आम्हीही तेच करत होतो.

गाईचं नाव चांदी, वेत तिसरं. मागच्या वेतात तिनं गाभ उशिरा धरला, दूध मात्र वेळेवर आटलं. म्हणजे जवळजवळ ४ महिने दावणीला भाकड. मुरघासाचा, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, बंकर भरलेला होता, तो तिलाही दुभत्या गाईंसारखाच पोटभर घातला. गाय अशी भरली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांनी गाद्या आल्या होत्या, बरगडी हाताला लागत नव्हती. आम्हाला वाटायचं, यंदा चांदी दूध ओतणार.

व्यायली सुखरूप, वारही सहा तासांत पडली. पाचव्या दिवशी २२ लिटरवर गेली. सातव्या दिवशी मिस्टरांनी फक्त तिचं दूध वेगळ्या किटलीत नेऊन डेअरीत तपासलं, तर फॅट ५.४! एरवी तिचं ३.७ च्या पुढे कधी गेलं नाही. घरात सगळे खूश.

नवव्या दिवशी सकाळी गोळी पेंड पुढ्यात ठेवली, तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं. सरकी पेंड भिजवून दिली, तीही नको. संध्याकाळी मुरघासही सोडला. आणि कडब्याची पेंढी टाकली तर ती मात्र सावकाश खात बसली. ताप बघितला, १०१.४. खोकला नाही, कास मऊ, सडांत गाठी नाहीत. शेण घट्ट, चकत्या पडल्यासारखं, वरून शेंबडासारखा चकचकीत थर. दोन दिवसांत दूध २२ वरून १४ वर आलं. डोळे आत गेले, पाठीचा कणा दिसायला लागला.

पहिल्यांदा ज्यांना बोलावलं त्यांनी सलाईनची बाटली लावली, भुकेची पावडर दिली, जंताचं औषध पाजलं. लघवी बघितली नाही, दूध बघितलं नाही. दोन दिवस त्यातच गेले.

मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, ‘काय सोडलंय आणि काय खातेय, क्रमानं सांगा.’ मी सांगितलं तसे ते तिच्या तोंडाजवळ गेले आणि मला म्हणाले, वास घ्या. मला काहीच आला नाही. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘गोडूस येतोय, नेलपेंट पुसायच्या बाटलीसारखा.’ डॉक्टर म्हणाले, काही माणसांच्या नाकाला हा वास लागतच नाही, त्यामुळे निव्वळ वासावर जाऊ नये. मग त्यांनी वाळल्या गवताची चिमूट घेऊन तिच्या योनीखाली हळूहळू चोळलं. मिनिटभरात गाय मुतली, ते परीक्षानळीत धरलं. त्यात पांढरी पावडर विरघळवली, दुसरे चार लालसर खडे टाकले आणि नळी तिरकी करून कडेनं अमोनिया सोडला. दोन्ही थर जिथे भेटले तिथे जांभळं पिळल्यासारख्या रंगाचं कडं उमटलं. दुधावरही तसंच, थोडं फिकं. ‘कितनबाधा. किटोसिस,’ म्हणाले.

शिरेतून ५० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) ५०० मिली अगदी हळू दिलं, एक इंजेक्शन दिलं, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल रोज ३०० मिली पाच दिवस पाजायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं पेंडीला तोंड लावलं, आठव्या दिवशी पूर्ण खुराक खाल्ला. पण दूध १९ च्या वर काही गेलं नाही. त्या वेतातलं शिखर गेलं ते गेलंच.

माझा प्रश्न: हा आजार नवव्या दिवशी आला, की आम्ही तो चार महिने गव्हाणीत घालत होतो? जाणकारांनी लिहावं.

कृष्णाकाठ

ताई, आमच्याकडं वाळव्यात दर व्यायलेल्या म्हशीला आणि गाईला आई बाजरी शिजवून त्यात गूळ, अळीव, मेथी घालून देते. आजोबांच्या काळापासनं आहे ते. मागल्या साली एका गाईनं असंच आंबोण सोडलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगातली साखर कमी झालीया. म्हटलं साखर कमी तर गूळ पाजू. दोन दिवस दोन-दोन किलो गूळ पाण्यात कालवून पाजला. गाय आणखी बसली, पोट ढुसढुसलं, शेण पातळ झालं. मग साखर कमी असताना गूळ का लागू पडत नाही? कुणीतरी नीट सांगा, आई अजून माझ्यावर नाराज आहे की मी नंतर गूळ बंद केला.

रवंथ

मी पशुवैद्यक आहे, माण-खटाव भागात काम करतो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: चार महिने गव्हाणीत घालत होतात. पण का, ते समजलं तर पुढच्या गाईला उपयोग होईल, म्हणून जरा लांबण लावतो.

गाईला वैरणीतून साखर अशी जवळजवळ मिळतच नाही. आपण भाकरी खाल्ली की तिचं ग्लुकोज होऊन रक्तात येतं. गाईनं मका खाल्ला की कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू त्यावर आधी हात मारतात. त्यांचं भागून गाईला मिळतात ती तीन आम्लं: ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. यातलं प्रोपिऑनिक यकृतात जातं आणि तिथे त्याचं ग्लुकोज होतं. म्हणजे गाय रोजची साखर रोज स्वतःच्या यकृतात घडवते, बहुतेक याच एका मालातून.

आता खर्च बघा. दुधातली गोडी, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजपासूनच बनते. एक लिटर दुधामागे साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज धरा. २० लिटरच्या गाईला दिवसाला १,४४० ग्रॅम, म्हणजे तासाला ६० ग्रॅम. आणि ही साखर कासेला आधी मिळते. स्नायूंना आणि चरबीला ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिन लागतं, कासेला लागत नाही. व्यायल्यावर गाईचं इन्सुलिन मुळातच उतरलेलं असतं. त्यामुळे बाकी अंग उपाशी राहतं आणि कास भरत राहते. वासरासाठी निसर्गानं केलेली ही सोय आहे. फक्त वासराला लागतं ५-६ लिटर आणि आपण पैदाशीनं गाय नेलीय २०-२५ लिटरवर.

त्याच वेळी तिचं खाणं कमी असतं. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांपासूनच भूक घटायला लागते. व्यायल्यावर दूध ५-७ आठवड्यांत शिखराला जातं, भूक मात्र शिखर गाठायला १०-१२ आठवडे घेते. मधली तूट ती अंगावरच्या चरबीतून भागवते. दहा-पंधरा दिवसांत गाय ‘उतरते’ ती अशी.

ती चरबी वितळून यकृतात येते. तिथे ती पूर्ण जळायला ऑक्झॅलोॲसिटेट नावाचा एक पदार्थ जोडीला लागतो. पण यकृत त्याच पदार्थाचं ग्लुकोज करण्यात गुंतलेलं असतं, कारण कास थांबत नाही. चुलीत लाकडं कोंबून भरली आणि हवेला वाट राहिली नाही की काय होतं? जाळ कमी, धूर जास्त. तो धूर म्हणजे किटोन: ॲसिटोॲसिटेट, बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन. सासूबाईंना आलेला वास ॲसिटोनचा.

थोडे किटोन प्रत्येक ताज्या व्यायलेल्या गाईत असतात आणि ते विष नाहीत. हृदय, स्नायू ते जाळतात, कास त्यातून दुधातलं फॅट बनवते. रक्तात बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेट लिटरला १.२ मिलीमोलच्या वर गेलं की आम्ही त्याला सुप्त कितनबाधा म्हणतो. ३ च्या आसपास आणि पुढे सहसा गाय लक्षणं दाखवते. ग्लुकोज तेव्हा १०० मिलीला ४० मिलिग्रॅमच्या खाली आलेलं असतं. किटोन वाढले की भूक आणखी मरते, भूक मेली की चरबी आणखी वितळते, असं ते चक्र गाईला ओढत नेतं. पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढायची ताकदही कमी होते, म्हणून अशा गाईंत गर्भाशयाचा दाह आणि कासदाह जास्त दिसतो.

आता चांदी. गाय लठ्ठ असेल तर व्यायच्या आधीच तिची भूक जास्त घटते आणि चरबी एकदम सुटते. गाईचं यकृत चरबी बांधून बाहेर पाठवण्यात मुळातच संथ आहे. आलेली चरबी तिथेच साठते. चरबीनं भरलेलं यकृत ग्लुकोज कमी बनवतं. म्हणून लठ्ठ गाईची कितनबाधा पहिल्या पंधरा दिवसांतच गाठते आणि औषधाला सावकाश दाद देते. दुसरा प्रकार ३ ते ६ आठवड्यांनी येतो. त्यात गाय लठ्ठ नसते, दूध भरपूर असतं आणि खायला कमी पडतं. तिला खुराक मिळाला की ती लवकर सावरते.

पहिल्या सलाईनबद्दल: ती बाटली ५ टक्क्यांची असेल तर ५०० मिलीत ग्लुकोज किती? २५ ग्रॅम. कास तासाला ६० ग्रॅम ओढतेय. पंचवीस मिनिटांचा पुरवठा झाला. ५० टक्क्यांच्या बाटलीत २५० ग्रॅम असतात. तेही काही तासच टिकतं आणि काही भाग लघवीतून जातो. म्हणून बाटलीबरोबर पाजायचं औषध लागतंच. ५० टक्क्यांचं द्रावण शिरेबाहेर गेलं तर तिथे मोठी सूज येते, त्यामुळे घरी कुणी हा प्रयोग करू नये.

कृष्णाकाठ, गुळाचं उत्तर वर आलंच आहे: गूळ गाईला मिळण्याआधी जंतूंना मिळतो. साखरेपासून ते ब्युटिरिक बरंच बनवतात आणि ब्युटिरिकचं कोठीपोटाच्या अस्तरातच बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेट होतं. म्हणजे किटोनमध्ये भर! शिवाय दोन किलो गूळ एकदम गेला की पोटातलं आम्ल वाढतं, तुमच्या गाईला तेच झालं. प्रॉपिलीन ग्लायकॉल जंतूंच्या हातून बरंचसं निसटून यकृतापर्यंत पोचतं आणि तिथे त्याचं ग्लुकोज होतं, हा फरक. आईंना सांगा, बाजरीच्या आंबोणात चवीला मूठभर गूळ घालायला काहीच हरकत नाही, गाय आवडीनं खाते आणि खाल्लेलंच तर हवंय. नाराजी राहू देऊ नका.

ठाण्याची वाचक

गोठ्याशी संबंध नाही, तरी सगळं वाचलं. वडिलांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लघवीत किटोन सापडले होते आणि तेव्हा त्यांची साखर प्रचंड वाढलेली होती. इथे मात्र गाईची साखर कमी आणि तरी किटोन. दोन्हीकडे एकच पदार्थ, मग हे उलटं कसं? आणि अशा गाईचं दूध पिण्यात येतं का, त्यानं काही होतं का?

रवंथ

चांगला प्रश्न आहे. दोन्हीकडे शरीराला ‘आपण उपाशी आहोत’ हाच निरोप जातो. वडिलांच्या रक्तात साखर होती, पण इन्सुलिनअभावी ती पेशींच्या आत जात नव्हती. घरात धान्य आणि कणगीला कुलूप, तसं. गाईत धान्यच संपलेलं असतं, कारण ते दुधातून बाहेर गेलं. दोघांचंही शरीर मग चरबी काढतं आणि यकृतात किटोन होतात. माणसातला तो प्रकार रक्त आम्लधर्मी करून तासांत जिवावर बेततो. गाईत तितकी तातडी क्वचित येते, ती दिवसांत खचत जाते.

दुधाचं: हा संसर्गाचा आजार नाही, तो दुधातून कुणाला होत नाही. दुधाला कधी हलका वास येतो. उपचारात जे औषध दिलं असेल त्यासाठी किती धारा बाजूला काढायच्या हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. वडिलांना सांभाळा.

माळरान

सांगोल्याहून लिहितोय. आमच्या गाईचं वेगळंच झालं होतं, ते इथे यायला हवं म्हणून लिहितो. व्यायल्याला अठरा दिवस. रात्री अकराला गोठ्यातून साखळीचा आवाज यायला लागला म्हणून गेलो तर ती लोखंडी खांब चाटत होती. एकाच जागी, थांबायलाच तयार नाही, जीभ लाल झालेली. मग स्वतःच्या खांद्याचं कातडं चावायला लागली. कपाळ भिंतीला टेकवून ढकलत उभी राहिली. हात लावला की अंग थरथरायचं, तोंडातून लाळ. मध्येच हंबरायची, तेही ओळखीचं हंबरणं नव्हतं.

आमच्या वस्तीवर त्याच्या महिनाभर आधी पिसाळलेलं कुत्रं आलं होतं. आई रडायलाच लागली. वडिलांनी दावं लांब बांधलं आणि पोरांना घरात घेतलं. रात्र कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. सकाळी १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या नंबरला फोन केला, फिरत्या दवाखान्याची गाडी आली. डॉक्टरांनी हातमोजे घालूनच तपासलं. लघवीची पट्टी जांभळी झाली. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि तासाभरात, खरंच सांगतो, तासाभरात ती चाटायची थांबली आणि मान खाली घालून उभी राहिली. दुपारी कडबा खाल्ला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला ग्लुकोज कमी पडलं की काही गाई असं करतात, हा कितनबाधेचाच चेताप्रकार. पण त्यांनी हेही बजावलं की पिसाळल्याची शंका असताना गाईच्या तोंडात हात घालायचा नाही, औषध पाजायला जायचं नाही, निदान होईपर्यंत लांब राहायचं. आमच्या शेजाऱ्यांनी त्या रात्री बाटलीनं तेल पाजायचा सल्ला दिला होता. पाजलं नाही ते बरं झालं.

रवंथ

तेल नकोच. यकृत आधीच चरबीनं भरलंय. आणि थरथरणाऱ्या गाईला काहीही पाजलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते.

पाडस

ताई, ते फॅटचं कळलं नाही. फॅट वाढलं तर दर वाढतो, आजारी गाईचं फॅट वाढतं कसं? आणि आमच्याकडे सगळ्या गाईंचं दूध एकाच कॅनमध्ये जातं, त्यात एकीचं कसं ओळखायचं?

नीरेकाठची

पाडस, मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. ते ५.४ वैरणीतून आलेलं नव्हतं. चांदीच्या पाठीवरची, पुठ्ठ्यावरची चरबी वितळून रक्तात आली आणि कासेनं ती दुधात उतरवली. गाय स्वतःला वितळवून डेअरीला घालत होती आणि आम्ही पावतीकडे बघून हसत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: वैरणीची ऊर्जा कमी पडली की दुधातलं फॅट चढतं आणि प्रोटीन उतरतं. फॅटला प्रोटीननं भागून उत्तर १.५ च्या पुढे गेलं तर त्या गाईवर संशय घ्यायचा. आपल्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असतं, प्रोटीन बहुतेक ठिकाणी नसतं. पण ज्या केंद्रावर यंत्र आहे तिथे विचारून बघा, काही यंत्रं प्रोटीन दाखवतात, फक्त पावतीवर छापत नाहीत. चांदीच्या त्या दिवसाच्या पावतीवर एसएनएफ ८.१ होतं. फॅटच्या आनंदात ते कुणी वाचलंच नाही.

एकत्र कॅनमधून एकीचं ओळखता येत नाही. म्हणून मी आता प्रत्येक नव्या व्यायलेल्या गाईचं दूध, चीक संपल्यावर, आठवड्यातून दोनदा लहान बाटलीत वेगळं देते. बाटली भरताना पूर्ण धार काढून, दूध ढवळून त्यातलं घ्यायचं. नुसत्या शेवटच्या धारेचं घेतलं तर फॅट तसंही जास्तच येतं आणि उगाच घाबरायला होतं.

विस्कॉन्सिनकर

मूळ बारामतीचा, गेली नऊ वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका मोठ्या डेअरीवर नव्या व्यायलेल्या गाईंचं बघतो. धागा वाचून घरची आठवण आली. इथे आम्ही लक्षणांची वाट बघत नाही. व्यायल्यापासून ३ ते १४ दिवसांच्या गाईंच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेतो आणि हातात मावणाऱ्या मीटरवर टाकतो, १० सेकंदांत आकडा. माणसांसाठीचं किटोन मोजायचं मीटर असतं तसंच. १.२ च्या वर गेली की प्रॉपिलीन ग्लायकॉल ३०० मिली रोज, पाच दिवस. ती गाय त्या वेळी पेंड खात असते, दूध देत असते, कुणी बघून सांगणार नाही की हिला काही झालंय.

तपासलेल्या दहांत एकीपेक्षा जास्त सापडायला लागल्या की आम्ही आजारी गाईंकडे बघणं थांबवून भाकड गाईंच्या गव्हाणीकडे जातो. ताईंनी विचारलेला प्रश्न इथे रोजच्या कामाचा भाग आहे.

दहा गाईंच्या गोठ्याला मीटर परवडत नसेल तर लघवीच्या किटोन पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. पट्टी बुडवल्यावर डबीवर लिहिलेल्या सेकंदांनाच रंग बघायचा, उशिरा बघितला तर गडदच दिसतो. आणि डबीचं झाकण उघडं ठेवलं तर दमट हवेत पट्ट्या खराब होतात.

कृष्णाकाठ

रवंथ डॉक्टर, आईला वाचून दाखवलं. मूठभर गुळावर तडजोड झाली. आता आणखी एक. आमच्या खाद्यवाल्यानं सांगितलं की बायपास फॅट (कोठीपोटातून तशीच पुढं जाणारी चरबी) चालू करा, किटोसिस होणारच नाही. भाकड काळापासनं द्यायला सांगितलंय. द्यावं का?

रवंथ

बायपास फॅट ऊर्जा देतं, हे खरं. पण फॅटपासून गाईचं शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही, आणि तिची अडचण ग्लुकोजची आहे. चरबी तर तिच्या यकृतात आधीच रांगेत उभी असते. भाकड काळात आधीच भरलेल्या गाईला ते देणं मला पटत नाही. व्यायल्यावर गाय पेंड नीट खायला लागली, दूध चढलं, की मग त्याचा उपयोग बघता येईल. आधी तुमच्या मुरघासाचा वास घ्या. उलटीसारखा, कुजट वास येत असेल तर त्यात ब्युटिरिक आम्ल जास्त आहे. तो मुरघास नव्या व्यायलेल्या गाईला अजिबात घालू नका, कारण गुळाच्या बाबतीत सांगितलं तेच इथेही होतं.

नीरेकाठची

सगळ्यांचे आभार. आम्ही गोठ्यात काय बदललं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

भाकड गाई वेगळ्या बांधल्या. आमच्याकडे जागा कमी, तरी कडेच्या तीन दावणी त्यांच्यासाठी ठेवल्या, कारण एका ओळीत असल्या की मुरघासाची पाटी सगळीकडे सारखीच रिकामी होते. भाकड गाईला आता कडबा पोटभर, हिरवं थोडं, मुरघास एक पाटी. दर रविवारी मी तिच्या बरगड्यांवरून तळहात फिरवते. हलक्या दाबानं बरगडी लागली पाहिजे. डॉक्टर याला पाचपैकी सव्वातीन ते साडेतीन गुण म्हणतात. हे अंग आटवतानाच हवं. आटवल्यावर गाय लठ्ठ वाटली म्हणून उपाशी ठेवून उतरवायला जायचं नाही, त्यानं पोटात वासरू असताना चरबी सुटते आणि आजार आधीच सुरू होतो. ही चूक मी करणार होते, डॉक्टरांनी थांबवलं.

व्यायच्या आधी तीन आठवडे, जी पेंड पुढे द्यायची तीच थोडी थोडी सुरू करते, अर्ध्या किलोपासून दोन-अडीच किलोपर्यंत. कोठीपोटातल्या जंतूंना आणि आतल्या अस्तराला नव्या खुराकाची सवय व्हायला आठवडे लागतात. व्यायल्यावर पेंड दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त वाढवत नाही. पूर्वी आम्ही दूध वाढलं की दुसऱ्या दिवशी दोन किलो वाढवायचो. पाणी चोवीस तास पुढ्यात.

आणि एक वही केली. व्यायल्यापासून एकवीस दिवस रोज सकाळी गव्हाणीत काय उरलं ते सासूबाई सांगतात आणि मी लिहिते. त्यांना लिहिता येत नाही, पण कोणत्या गाईनं पेंडीत किती वेळ तोंड घातलं हे त्यांच्याइतकं कुणालाच आठवत नाही. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘गौरीनं आज पेंड संपवली, पण मध्ये दोनदा मान वर केली.’ व्यायल्याचा सहावा दिवस होता. पट्टी लावली, फिकट जांभळी. डॉक्टरांना फोन केला, ग्लायकॉल चालू केलं. दूध एका लिटरनंही उतरलं नाही.

माळरान

ताई, त्या वहीच्या पानाचा फोटो टाकाल का? कसे रकाने पाडलेत ते बघायचंय.

नीरेकाठची

फोटो इथे चढत नाहीये, सांगते. साधी दोनशे पानी वही. डावीकडे तारीख आणि व्यायल्याचा कितवा दिवस. मग पेंड, मुरघास, कडबा असे तीन रकाने, त्यात ‘सगळं’, ‘निम्मं’, ‘नाही’ एवढंच. पुढे सकाळ-संध्याकाळचं दूध, शेण कसं, ताप. शेवटचा रकाना मोठा ठेवलाय, त्यात सासूबाई जे बोलतात ते त्यांच्या शब्दांत.

पाडस

चांदी आता कशी आहे?

नीरेकाठची

१७ लिटरवर आहे. व्यायल्यापासून साडेतीन महिने झाले. पहिले दोन महिने माजच दाखवला नाही, डॉक्टर म्हणाले अंग इतकं खचल्यावर बीजकोष कामाला लागायला वेळ घेतो. परवा पहाटे हंबरली, सोट (माजाचा स्राव) बघितला, काचेसारखा स्वच्छ होता. संध्याकाळी भरवली. वहीत तारीख टाकलीय, आणि गाभ राहिली तर आटवायची तारीख कोणती येईल तीही आत्ताच पुढच्या पानावर लिहून ठेवलीय, व्यायच्या आधी बरोबर ६० दिवस.